गमल्यातली ब्लूबेरी आणि गाडीखालचा फालसा



हल्ली हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "काकू, तुमच्या गच्चीवर ब्लूबेरी लागली म्हणे? खरं का?" खरं आहे. लागली. मग लगेच दुसरा प्रश्न, "आम्ही पण लावू का?" त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगते. लावा, जरूर लावा. पण आधी आपल्या नळाच्या पाण्याची ओळख करून घ्या. आणि तिच्यासाठी घरातलं जुनं झाड काढू नका. पहिली गोष्ट मी पैसे घालवून शिकले. दुसरी शिकले ती नातीसमोर मान खाली घालून.

तर सुरुवात अशी. २०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो, न्यू जर्सीला. तिकडे आता आपली मराठी मंडळी इतकी आहेत की परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. एका रविवारी जावयांनी ब्लूबेरीच्या मळ्यावर नेलं. हातात बादली द्यायची, आपण तोडायचं आणि वजनावर पैसे मोजायचे, असा तिकडचा रिवाज. आमची नात तेव्हा चार वर्षांची. बादलीत एक, तोंडात तीन, असं तिचं चाललेलं. निळे ओठ घेऊन मला म्हणाली, "आजी, तुझ्या घरी पण लाव ना."

झालं. आजीला आणखी काय लागतं?

तिकडेच कळलं की शेतात लावायची ब्लूबेरी जन्मली तीच मुळी न्यू जर्सीत. त्याआधी ते रानातलं फळ. लोकांनी बागेत लावायचे प्रयत्न केले, पण चांगल्या कसदार जमिनीत झाड जगेचना. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञाने काही वर्षं प्रयोग केले आणि १९१० मध्ये छापून सांगितलं की ह्या झाडाला आंबट, म्हणजे आम्ल माती लागते. चुना आणि भरपूर खत घातलेली बागेची माती त्याला मानवत नाही. ते वाचून एलिझाबेथ व्हाइट ह्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाईंचं व्हाइट्सबॉगला क्रॅनबेरीचं मोठं शेत होतं. आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना त्यांनी पैसे देऊन मोठ्या फळांची झुडपं शोधायला लावलं, आणि ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या झुडपाला दिलं. रूब लीकने शोधलेलं झुडूप 'रुबेल' झालं. १९१६ मध्ये त्या दोघांचं पहिलं पीक बाजारात गेलं. त्या भागातली जमीन रेताड, पाइनच्या रानातली, आणि ओढ्यांचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस. हे सगळं मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन साफ विसरले!

मधे कोविड आला. २०२१ च्या फेब्रुवारीत ऑनलाइन तीन रोपं मागवली. रोपावर जातीचं नाव नव्हतं, नुसतं 'ब्लूबेरी'. आमचे भाऊजी शाहपूरकडे केळी करतात. त्यांच्या शेतातली काळीभोर माती आणली, कुजलेलं शेणखत घातलं आणि वर चुलीची राख मूठभर. म्हटलं, पाहुणी आहे, पाहुणचारात कमी नको. महिन्याभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं भूक लागली, आणखी खत घातलं. मे महिन्यात आपल्या बुऱ्हाणपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिन्ही रोपं गेली.

भाऊजी गच्चीवर आले, गमल्याकडे बघितलं आणि हसले. (आम्ही बुऱ्हाणपूरकर घरात मराठी बोलतो, पण कुंडीला गमलाच म्हणतो. 'कुंडी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुंडी भंडारा येतो!) गमल्याच्या कडेला पांढरा थर धरला होता. म्हणाले, "वहिनी, हे बघा. ह्याच पांढऱ्यापायी आमच्या ड्रिपच्या नळ्या बुजतात. दर थोड्या दिवसांनी नळ्यांना ॲसिड द्यावं लागतं. तुम्ही झाडाला रोज हेच पाजताय."

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं मी ह्या घरात पातेल्यांच्या तळाचा पांढरा थर घासते आहे. कूलरची घास दर वर्षी पांढरी पडून कडक होते, ती बदलते आहे. नळाच्या तोट्या धरतात. हे सगळं एकाच पाण्याचं काम आहे आणि तेच पाणी मी गमल्यात ओततेय, हे काही जुळलं नव्हतं.

आणि हे आजचं नाही. कुंडी भंडारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पाहुण्यांना लालबागेकडे नेऊन दाखवला आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात ही व्यवस्था झाली. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी वाटेत अडवायचं आणि भुयारातून, एकापुढे एक अशा शंभरावर कुंड्यांमधून, पंपाशिवाय शहरापर्यंत आणायचं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचं नाव गेलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आता आठवा, लिफ्टने खाली उतरल्यावर भिंतींवर काय दिसतं? पांढरे, गुळगुळीत थर. तो चुना. डोंगरातून येताना पाणी तो बरोबर घेऊन येतं. चारशे वर्षं हे शहर त्या पाण्यावर जगलं. आपल्या केळीला, कापसाला असली जमीन चालते. ब्लूबेरीला नाही चालत. ह्यात पाण्याचा दोष नाही आणि झाडाचाही नाही.

पुतण्याने पीएचच्या पट्ट्या आणून दिल्या. दुकानात स्वस्त मिळतात. बोअरचं पाणी आठच्या जवळ, काळी माती आठच्या वर. ब्लूबेरीला हवी साडेचार ते साडेपाच. सात म्हणजे मध्य. त्याच्या खाली आंबट, वर खारं. आणि ह्या मोजमापात एक आकडा म्हणजे दहापट फरक. मातीत लोह असतं, पण खाऱ्या मातीत ते झाडाला उचलता येत नाही. म्हणून पान पिवळं आणि शीर हिरवी. आणि मी वर राख घालत होते, म्हणजे आणखी खार!

दुसऱ्यांदा लावली ती अशी. ज्यांना लावायची आहे त्यांनी एवढं टिपून घ्या.

रोप. जातीचं नाव विचारा, नाव नाही तर रोप नाही. थंड देशातल्या जातींना सात अंशांखालच्या थंडीचे आठशे-हजार तास लागतात, तेव्हा कुठे फूल धरतं. आपल्या निमाडात जानेवारीतही तेवढी थंडी कुठून आणणार? कमी थंडीच्या जाती आहेत, बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू वगैरे. मी बिलॉक्सी आणि मिस्टी आणल्या. दोन जाती शेजारी असल्या तर फळ चांगलं धरतं. आणि बियांची पाकिटं घेऊ नका. बीपासून आलं तरी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, आणि कसं निघेल त्याचा भरवसा नाही.

माती. आपली काळी माती चिमूटभरही नको. मी निम्मं धुतलेलं कोकोपीट, बाकी चीडच्या सालीचे तुकडे, थोडा पालापाचोळा आणि थोडं परलाइट घेतलं. लावायच्या दोन महिने आधी त्यात चमचाभर गंधक मिसळून ओलं ठेवलं. गंधक लगेच काम करत नाही, मातीतले जीवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात. राख, चुना, अंड्याची टरफलं, हाडांचं खत ह्यातलं काहीही नको. शेणखतही नको. खत म्हणून अमोनियम सल्फेट, तेही अगदी चिमटीने.

गमला. आधी बारा इंची, मग अठरा इंची. काळा प्लास्टिकचा नको, उन्हात तापतो आणि ह्या झाडाची मुळं वरवरची असतात, भाजतात. मार्चपासून जूनपर्यंत हिरवी जाळी. सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको.

पाणी. सगळा खेळ इथे आहे. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली दोन मोठे ड्रम लावते. ते पाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरतं. पुढे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. तेही कमी पडलं तर बोअरच्या दहा लिटर पाण्यात साधारण चमचाभर लिंबूसत्त्व घालते, पण पट्टीने बघूनच. पाणी घरोघरी वेगळं असतं, माझा चमचा तुमच्याकडे चालेल असं नाही. आणि एक कळकळीची विनंती. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी आपण काटकसर म्हणून झाडांना घालतो. ते ब्लूबेरीला घालू नका. मशीनने वेगळे काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

एवढं करून २०२३ च्या मार्चमध्ये फुलं आली. पांढरी, उलट्या घंटेसारखी. पहिल्या वर्षी आलेली फुलं मी खुडून टाकली होती, झाड आधी अंगाने भरावं म्हणून. जीवावर आलं, पण खुडली. फळं लागली अकरा. त्यातल्या चार बुलबुलाने नेल्या. निळी दिसली की लगेच तोडायची नाही, देठापाशी लाली असते ती जाईपर्यंत आणखी तीन-चार दिवस थांबायचं. आणि बुलबुलाला कोण सांगणार थांबायला? उरलेल्या सात आम्ही सुरीने अर्ध्या करून वाटून खाल्ल्या. पुढच्या वर्षी दोन झाडांवर मिळून मोठी वाटीभर निघाल्या.

ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्या खर्चात इंदूरहून पंचवीस डब्या आल्या असत्या." पुतण्याचा पक्ष उलटा. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि म्हणाला, "काकू, गच्चीभर शंभर गमले लावू, लाखांचा धंदा आहे."

मला दोघांचंही पटत नाही. भाऊजींना मी म्हटलं, तुमची केळी जिल्ह्याचं नाव काढते, 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये तीच आहे, पण मी धंदा करत नाहीये. हौसेला मोल नसतं. ह्या दोन गमल्यांनी मला माझं पाणी आणि माझी माती जेवढी शिकवली, तेवढी तुमच्या एवढ्या वर्षांच्या शेतीनेही शिकवली नव्हती. आणि पुतण्याला म्हटलं, बाळा, शंभर गमल्यांना उन्हाळ्यात रोज दोनशे लिटर गोडं पाणी कुठून आणशील? पेरू देशाने वाळवंटात ब्लूबेरी पिकवून जगभर विकली हे खरं, पण तिथे समुद्रकाठची सौम्य हवा आहे, पाण्यात मोजून आम्ल आणि खत सोडायची यंत्रणा आहे. आपल्याकडे मे महिना आहे. व्हिडिओवाले पाण्याचा पीएच सांगत नाहीत, मे महिना दाखवत नाहीत. फळांनी लगडलेलं झाड तेवढं दाखवतात. रोप विकणाऱ्याने निदान जातीचं नाव आणि किती थंडी लागते एवढं चिठ्ठीवर लिहावं, इतकी साधी अपेक्षा आहे.

आणखी एक. आमच्या ह्यांना शुगर आहे. कोणीतरी सांगितलं की ब्लूबेरीने शुगर उतरते. फळ चांगलं आहे, त्यातला जांभळा रंग गुणाचा आहे म्हणतात, पण वाटीभर फळांनी गोळी सुटत नाही. डॉक्टरांना न विचारता कोणी काही बंद करू नका.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू की नको, असा दोन दिवस विचार करत होते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये घरात लग्न होतं, मुलगी, जावई, नात सगळे आले. मी नातीसाठी त्या वाटीतल्या ब्लूबेरी जपून ठेवल्या होत्या. पोर आता नऊ वर्षांची. तिने दोन तोंडात टाकल्या, छान म्हणाली, आजीला मिठी मारली. मग अगदी सहज म्हणाली, "आजी, ह्या तर आमच्याकडे असतात. तुमच्याकडचं फ्रूट कुठलं?"

मी केळी म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या. म्हणाल्या, "फालसा. एवढा एवढा असतो. ह्याच्यासारखाच जांभळा. तुझा बाबाआजोबा शाळेतून आला की झाडावरच असायचा. मी सरबत करायची, काळं मीठ घालून. दुपारी सगळी आळी यायची."

नातीचे डोळे मोठे झाले. "कुठे आहे झाड?"

सासूबाई म्हणाल्या, "होतं. आता गाडी उभी राहते तिथे."

कोणीच काही बोललं नाही. २०१७ मध्ये आम्ही अंगणात फरशी घातली, गाडीसाठी. फालसा मधोमध येत होता. ठेकेदार म्हणाला काढावा लागेल, आणि आम्ही काढला. सासूबाईंना विचारलं नाही, सांगितलं. त्याही काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, हरकत नाही म्हणून बोलल्या नाहीत. त्या दिवशी कळलं की सात वर्षं त्या काही विसरल्या नव्हत्या.

विचार करा मंडळी. ज्या झाडाला आपली खारी माती, आपलं खारं पाणी, आपलं ऊन सगळं चालत होतं, ज्याच्यासाठी मी कधी एक पट्टी विकत आणली नाही, ते मी काढलं. आणि ज्याला ह्यातलं काहीच चालत नाही त्याच्यासाठी ड्रम मांडून, लिंबूसत्त्व मोजत बसले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आपल्या घरात असं लागू पडतं.

फालसा बाजारातही फारसा दिसत नाही, त्याला कारण आहे. एकदम पिकत नाही, रोज मूठमूठ पिकतो. तोडला की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. ब्लूबेरी डबीत बसून समुद्र ओलांडते, फालसा शनवाऱ्याच्या हातगाडीवरून घरी येईपर्यंत पिशवी ओली करतो. म्हणजे तो ज्याच्या अंगणात आहे त्यालाच मिळणार. अंगणातून गेला की संपला.

त्याच वर्षी पहिला पाऊस पडल्यावर मी फालसा लावला. फरशी फोडायला घरातले तयार झाले नाहीत, म्हणून वीस इंची गमल्यात. माती भाऊजींच्या शेतातली, शेणखत घरचं, पाणी बोअरचं. त्याला काही अडलं नाही. जानेवारीत गुडघ्याएवढा ठेवून छाटला, कारण फळ नव्या फुटीवर येतं. २०२५ च्या मे महिन्यात वाटीभर फालसा निघाला. पहिली वाटी सासूबाईंना दिली. त्यांनी एक तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आपल्या झाडासारखा नाही." मग सगळी वाटी संपवली. सरबताला एकही उरला नाही.

बरोबरच आहे. त्या झाडाचा फालसा आता मिळणार नाही, आणि ते माझ्या खात्यावर आहे.

म्हणून ज्या विचारतात त्यांना माझं सांगणं एवढंच. नातवंडांसाठी ब्लूबेरी लावायची तर एक-दोन गमले लावा, नीट शिकून लावा, फळ लागलं की आनंद होतो, खोटं कशाला बोलू? पण शेजारी फालशाचा एक गमला ठेवा. आणि अंगणात फालसा, जांभूळ, करवंद, जे काही सासू-सासऱ्यांच्या हातचं असेल, त्याला हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. विचारा म्हणतेय मी, नुसतं सांगू नका.

तुमच्यापैकी कोणाच्या वाड्यात अजून जुना फालसा उभा असेल तर मला जरूर कळवा. छाटणीच्या वेळी दोन काड्या न्यायला येईन. येताना वाटीभर ब्लूबेरी आणीन, बुलबुलाने ठेवल्या तर.